बोअर गेज

टेबलावर मी जागाच होतो.
मनगटातून आत गेलेली तार
कुठवर पोचली, काही कळत नव्हतं;
पडद्यावर नुसती एक करडी फांदी,
मध्येच बारीक झालेली.

"ही सावली आहे, लांडगे काका," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या,
"सावलीवरून मी माप घेत नाही."

मग आत उजेड सोडला.
तीन सेकंद, श्वास धरा, हलू नका,
आणि मागं सरकत आली एक तांबूस चकती,
चकतीमागं चकती,
कडेला चुन्याचा काळपट डाग.

एकतीस वर्षं भोसरीच्या शेडमध्ये
मी भोकांचेच व्यास मोजले.
पंपाची बॉडी, सिलिंडर, बुश.
बाहेरून चकचकीत जॉब आतून ओव्हल निघतो,
हे पोरांना सांगून सांगून घसा बसला.
स्वतःच्या बोअरमध्ये कधी गेज घातला नव्हता.

"साडेतीनचा द्या," त्या म्हणाल्या.
टॉलरन्स किती, मी विचारलं.
मास्कमागं कुणीतरी हसलं.

फुगा फुगला. छातीवर कुणी गुडघा टेकवला,
उचलला.
मला वाटलं, झालं.
पण त्यांनी उजेड पुन्हा सोडला.
जाळी एका बाजूला भिंतीला टेकली नव्हती,
केसाइतकी फट.
"अजून एकदा," म्हणत त्यांनी मोठा फुगा मागवला.

तेव्हा मात्र मी डोळे मिटले.
असं पुन्हा तपासणारं माणूस भेटलं
की जॉबनं निवांत पडून राहावं.

घरी शालन विचारते, दुखलं का?
मी सांगतो, केसाइतकी फट होती.
ती परत विचारते.