काट्याच्या दुकानाचा नंबर

कळवण्यात येते की,
असं सुरू कर म्हणाला प्रेसवाला जिनप्पा.
तसं मी कुणाशी बोलत नाही.
तर ऐका गा,
आपल्या काटा दुरुस्तीचा नंबर बदललाय.

दुकान तेच. खानापुरात, नंदगडच्या रस्त्याला,
भाताच्या गिरणीला लागून, हिरवं दार.
छताला टांगलेली पारडी
वारा आला की एकमेकांना तोलून बघतात.
पाटीवर कानडी वर, मराठी खाली,
आकडे मधोमध, दोन्हीकडचे.

वाटणी झाली.
पंचांनी ऐरण मोजली, कानशी मोजल्या,
पितळी मापांचा डबा उघडून
पन्नास ग्रॅमचं एक कमी निघालं, त्यावर चहा झाला.
मग कुणीतरी म्हणालं, फोन नंबराचं काय?
नंबराला कसली किंमत, म्हणालो मी.
भरमाण्णा, माझा थोरला, नुसता म्हणाला,
मग तो मला द्या.

बावीस वर्षं तो नंबर मीच रंगवलाय.
जांबोटीत सोसायटीच्या भिंतीवर,
कणकुंबीत काजूच्या शेडवर,
बिडीच्या बाजारात, रताळ्यांची पोती पडतात तिथं,
एका म्हशीच्या गोठ्यावरसुद्धा, मालकाला न विचारता.
आता चुन्याची बादली घेऊन फिरतोय.
पहिले सात आकडे नशिबानं तेच मिळाले,
शेवटचे तीन तेवढे खोडायचे.
चुना वाळला की जुने पुन्हा वर येतात.

तोंडी सांगायचं तर आणखी घोळ.
इटगीचा रुद्रगौडा अर्धा नंबर कानडीत घेतो,
अर्धा मराठीत, आणि मधेच विचारतो,
तोंबत्तैदु म्हणजे पंच्याण्णवच न्हवं?
होय बाबा, तेच.
लिहिलास? लिहिलो.
वाच. वाचतो, आणि जुनाच वाचतो.
पाठ झालेलं बोटांतून निघत नाही.
माझ्याही निघत नाही.
परवा रात्री गिरणीवाल्याला म्हणून लावला,
तिकडून खोकला आला, ओळखीचा.
दोघंही गप्प.
बॅलन्स जातोय म्हणून ठेवला, असं मीच मला सांगितलं.

भरमाण्णा आता काटे करत नाही.
बेळगावात लेकाकडं असतो, गुडघा धरलाय.
जुन्या नंबरावर गिऱ्हाईक आलं की
काम घेत नाही. म्हणतो, सातेरीला लावा,
आणि माझा नवा नंबर सांगतो, तोंडपाठ.
कुठनं मिळाला त्याला, मी तर दिला नव्हता.

फक्त एक आकडा चुकीचा सांगतो.
सहाच्या जागी नऊ.
तो फोन जातो अळणावरच्या एका अक्काकडं,
शिवणकाम करते म्हणे, नाव शांतव्वा.
पहिले चार दिवस ती भांडली.
आता कुणी 'काटा' म्हणायच्या आत सांगते,
ओंबत्तु अल्ल्री, आरु, आरु हच्च्री.
नऊ नाही, सहा लावा.
तिच्यामुळं या महिन्यात मला तीन काटे आले,
त्यातला एक किलोमागं तीस ग्रॅम खात होता.

मुद्दाम सांगतो की चुकून,
हे अजून मी तोललं नाही.
पासंग लावल्याशिवाय काटा बघू नये, आमचा बा म्हणायचा,
आणि पासंग कुठल्या बाजूला लावायचा
हे वाटणीत कुणी ठरवलं नाही.

तर जिनप्पा, हे एवढं सगळं छापू नकोस.
छाप, नंबर बदललाय, शेवटी सहा.
सोमवारी बाजार, दुकान दुपारपर्यंत.
शिक्का मारायचे काटे आदल्या आठवड्यात आणा.
खाली जागा उरलीच तर बारीक अक्षरात,
जुन्या नंबरावर चुकून लागला
तर लगेच ठेवू नका,
गुडघा कसा आहे तेवढं विचारा.
मी सांगितलं म्हणून सांगू नका.