घ की ध

उभी राहते, सर.
नाव मृण्मयी. आडनाव घारपुरे.
तुमच्या यादीत धारपुरे आहे, तीही मीच.
गुजराती घ आणि ध यांच्यात
एका वळशाचा फरक,
आणि प्रवेशाच्या खिडकीतल्या काकांना जेवायला जायचं होतं.
दुरुस्तीचा अर्ज दिलाय.
त्यावर सही धारपुरे अशीच करावी लागली.

राहणार दांडिया बाजार, बडोदे.
घरात बडोदे, तिकिटावर वडोदरा,
पुण्याच्या आत्याच्या भिशीत नुसतं 'तिकडे गुजरातला'.
हिशेब मराठीत करते, घासाघीस गुजरातीत
आणि नापास इंग्रजीत होते.
अजून एकदाच. गणितात. चाचणी होती.

मेकॅनिकल का, असं सगळे विचारतात.
वर्गात चारच मुली, म्हणून जरा जास्तच विचारतात.
तर, सहावीत असताना आईचा मिक्सर उघडला,
ती भाजी घेऊन यायच्या आत मिटवला.
मिक्सर चालला.
तीन स्क्रू उरले.
आजही तो शेंगदाण्याचं कूट करतो,
फक्त करताना ओट्यावर पुढे पुढे सरकतो,
जणू त्याला कुठेतरी पोचायचंय.
ते तीन स्क्रू कशासाठी होते
हाच माझा अभ्यासाचा विषय.
कंपासपेटीत वाजतायत ते तेच, सर.

आवडतं म्हणजे स्थितिशास्त्र.
त्यात अख्खं जग पुसून एक ठोकळा ठेवायचा,
आणि ज्यांनी ज्यांनी त्याला धरलंय, ढकललंय, टांगलंय
त्यांच्या जागी नुसते बाण काढायचे.
घरी मी माझाच काढून पाहिला.
आई: खाली. बाबा: खाली.
शिष्यवृत्तीची अट: खाली, जरा तिरकी.
वर ढकलणारा बाण एकच सापडला,
जमिनीचा.

काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून
विश्वामित्रीच्या गाळात मगर दिसते.
मंगळवारी तासभर पाहिलं, हलली नाही.
सगळ्या बलांची बेरीज शून्य.
इतकं नीट मला वर्गात कुणी
माफ करा, सर.

ड्रॉइंगमध्ये माझी डावी बाजू उजवीकडे निघते.
रसायनशास्त्राबद्दल आज नको.
वर्कशॉपात लोखंडाचा चौकोन घासायचा होता.
एक कड सरळ केली की शेजारची वाकडी,
ती मनवली की तिसरी रुसते.
चौथ्या तासाला वाघेलासाहेबांनी तो चिमटीत धरला,
खिडकीकडे नेला, डोळे बारीक केले.
"बेन, आ तो कीचेन थई गयुं."
भोक पाडून घेतलंय. सायकलची किल्ली त्यातच असते.

हो, आणि
दुरुस्तीचं पत्र आजच आलं.
आडनाव आता बिनचूक, घारपुरे.
नाव मृण्मय. लिंग पुरुष.
म्हणजे कागदावर वर्गात तीनच मुली,
चौथी उरली.
बसू का?