रेडियमचं दुकान, पोवई नाका

सरकारी पाटी आल्यापासून नंबर कुणी लिहून घेत नाही.
तिच्यावर जादा अक्षर चालत नाही,
खिळे असे, की काढायला जावं तर तुटतात.
अब्बा ब्रशनं लिहायचे. मी ४१४१ चा 'दादा' करून द्यायचो,
त्यालाही दंड बसायला लागला.
आता उरलं मडगार्ड, काच, टाकीची बाजू.
आईचा आशीर्वाद. आबांची कृपा. पोरांची नावं.

मंगळवारी दुपारी एक बाई आल्या.
जुनी स्कूटर, एमएच अकरा, आरसा एकच.
पांढरे केस, बारीक कापलेले.
मागं लिहायचंय, म्हणाल्या, माजी सैनिक.
मी वही काढली, सवयीनं विचारलं,
साहेब कुठल्या रेजिमेंटला होते?

त्यांनी हेल्मेट काउंटरवर ठेवलं.
"साहेब विमा कंपनीत होते. वारले.
सैनिक मी."

मी खुर्ची पुसली.

कुसुमावती ढाणे. गाव रहिमतपूरच्या अलीकडं.
लष्करी इस्पितळात अठ्ठावीस वर्षं,
त्यातली तीन लेहला.
मी स्क्रीनवर अक्षरं टाकली, पिवळ्यात.
थांबा, म्हणाल्या. हे वाचून लोक परत साहेबांनाच शोधणार.
कॅन्टीनमधला पोरगा म्हणतो,
कार्ड ज्याचं त्यानंच यायचं, मावशी.

मग आम्ही दोघं शब्द शोधत बसलो.

सैनिका?
ही तर हाक झाली. कुणीतरी लांबून बोलावतंय असं वाटतं.
सैनिकीण?
मास्तराची बायको मास्तरीण, तसं. म्हणजे पुन्हा साहेबांचीच.
सैनिकी?
ती शाळा.
महिला सैनिक?
त्या पहिल्यांदा हसल्या :
एसटीत सीटवर लिहितात तसं होय?
चहा ठेवता ठेवता भिकू म्हणाला, वीरपत्नी लिवा की.
कोणी काही बोललं नाही.
तो कप मोजून गेला.

भाचीनं फोटो पाठवलाय म्हणून मोबाईल पुढं केला.
परदेशात कुठं म्हणे सरकारच पाटी देतं,
तिच्यावर छापूनच येतं : बाई, आणि लढाईतून आलेली.
कुणाला सांगत बसायला लागत नाही.
पाटीखाली, चाकाभोवती बर्फ साचलेला.
पाटी मी बघत होतो.
त्या बर्फ बघत होत्या.
"किती मऊ दिसतोय," म्हणाल्या.

मी ब्लेड घेतलं, स चा काना सोडवायला लागलो.
"असंच," त्या म्हणाल्या, "कडेकडेनं.
पोरांचे बूट असेच कापायला लागायचे. ओढायचा नाही.
ओढला तर बूट एकटा येत नाही."
माझा हात थांबला.
"कापा, कापा. वाजले किती?"

मग स्वतःच कागद ओढला, पेन मागितलं,
डॉक्टरी नव्हे, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं :

माजी सैनिक.
आणि खाली, थोडं बारीक :
मीच.

नव्वद झाले. शंभर दिले, दहा मागून घेतले.
चिकटवताना बुडबुडा राहिला 'मी'च्या पोटात,
सुईनं फोडू का म्हटलं,
नाही म्हणाल्या, असू दे, उन्हानं बसेल.

मागं बुलेटवाला हॉर्न वाजवत होता.
त्यानं वाचलं असेल, नसेल.
त्यांनी डावा हात बाहेर काढला, पूर्ण ताठ,
आणि सावकाश वळल्या सदर बझारकडं.

टेबलावर कागद तसाच पडलाय.
अक्षरं गेली, त्यांच्या जागा राहिल्या.
टाकायला उचलतो आणि ठेवतो.