झोपवू नये

उद्यमनगरात, लेथच्या मागच्या टेबलावर
तिसरी रात्र.
बोर्ड शाहूपुरीतून आणलेला, वापरलेला.
रॅम दोन, एकमेकींना अनोळखी.
कॅबिनेट लोहारांच्या शेडमधलं,
पत्रा वाकवून, जाळीची भोकं मी स्वतः पाडलेली.
आणि आत नांदवायची ती सफरचंदवाल्यांची सिस्टीम,
जी परक्याच्या घरी पाणीही पीत नाही.

दौलतमामा चहा ठेवून बघत उभे:
"अजून खोटंच सांगतुयास व्हय तिला?"
खोटंच. की तू तुझ्याच घरात आहेस,
हा पंखा तुझा, हा आवाज तुझा.
काळ्या पडद्यावर अक्षरं धावतात, अडतात.
एक ओळ खोडतो.
पुन्हा.

मामांनी तीस वर्षं परदेशी इंजिनांना
इथंच कातलेले बुश बसवले.
"इंजान कवा इचारत न्हाई, बुश कुठल्या गावचा.
माप इचारतंय."

पावणेचारला पडदा उजळला.
माहितीच्या चौकटीत भलत्याच मशीनचं नाव, ऐटीत.
मामांनी पत्र्यावर थाप मारली,
बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

फक्त एक,
झोपवलं की उठत नाही.
म्हणून चिकटपट्टीवर लिहिलंय: झोपवू नये.
खाली मामांच्या अक्षरात:
वर चहा ठेवू नये.