बोट दाखवून

घणसोली डेपोतून पाच दहाची बस काढतो मी,
एकोणीस वर्षं.
हात आपले आपण जातात जिथं जायचे तिथं,
डोळे अजून अर्धे उशीवर असतात.

दीक्षिता जपानला जाऊन आली. दहा दिवस.
पालिकेच्या शाळेची सहा पोरं आणि गजभिये मॅडम.
पासपोर्टच्या चौकशीला रबाळ्याहून हवालदार आला,
दारातच म्हणाला, "कोण, ही? जपान?"
मग दोन कप चहा घेतला आणि स्वतःच्या मुलाचे मार्क सांगत बसला.

तिचा प्रकल्प निवटीवर होता.
आमच्या खाडीची निवटी, चिखलावर परांनी चालणारी,
जिला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कालवणातच ओळखलं.
तिचे श्वास मोजत ही पोर
ओहोटीला गुडघाभर गाळात उभी.
आई म्हणायची, "मोजून झाली का घरी आन, रांधून टाकते."

तिकडे एका समुद्रकाठी म्हणे तिचीच चुलत बहीण,
अंगावर निळे ठिपके, काचेच्या टाकीत,
आणि टाकीपुढे पांढऱ्या कोटातले एक आजोबा,
एकतीस वर्षं तिच्याकडेच बघत आलेले.
ओवेस तांबोळीनं विचारलं, "तुम्ही खाता का हिला?"
दुभाषी बाई अडखळली.
आजोबा म्हणाले, "भाजून,"
आणि इतके हसले
की टाकीतल्या सगळ्या बिळात गेल्या.

फोटो पुष्कळ दाखवले तिनं.
ताटं घेऊन फिरणारं यंत्र, भूकंपाची खोटी खोली
जिथं रेवती नायर खरोखरची रडली,
शाळेतली पोरं स्वतः पुसतात ती फरशी.
मी हं हं करत होतो, जेवत होतो.

मग एक व्हिडिओ. सतरा सेकंद.
आगगाडीचा चालक, माझ्याच वयाचा, पांढरे हातमोजे.
सिग्नल दिसला की बोट दाखवतो
आणि मोठ्यानं काहीतरी म्हणतो.
घड्याळाकडे बोट, पुन्हा म्हणतो.
केबिनमध्ये दुसरं कोणी नाही.

"कुणाला सांगतो हा?"
"स्वतःला, बाबा. सिग्नल हिरवा. वेळ बरोबर.
तोंडानं बोललं की चूक कमी होते. मोजलंय त्यांनी."
म्हटलं, आपल्यात असं केलं
तर मला बसमधूनच ठाण्याला पोचवतील, भरती करायला.
ती हसली नाही.
तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी डेपोत अंधार होता.
आजूबाजूला बघून घेतलं.
आरसा, ठीक.
दरवाजा, बंद.
हातब्रेक, सुटला.
स्वतःचा आवाज परका वाटला,
जसा लग्नाच्या सीडीत वाटतो.
मागून वाल्मीक कंडक्टर, "कोणाशी बोलतोस रे ठाकूर?"
"गाडीशी."
"काय म्हणते?"

ते मला सांगता आलं नाही.
पण रबाळे नाक्याच्या दुभाजकावर एक कुत्रा झोपतो,
एका कानाचं टोक कापलेलं.
तो तिथं किती महिने असेल कोण जाणे.
त्या दिवशी दिसला.

आता सवयच लागलीय.
रात्री घरात फिरतो. गॅस, बंद. नळ, बंद. कडी, लावली.
बायको म्हणते, पोर जपानला गेली
आणि वारं बापाला लागलं.

काल फ्रिजवर निवटीच्या चुंबकाखाली एक फॉर्म होता.
तिकडच्याच कुठल्या कॉलेजाचा, बारावीनंतरचा.
पालकाच्या सहीची जागा रिकामी.
विचारलं नाही तिनं, मीही नाही.

तिच्या खोलीत दिवा चालू होता.
चौकटीच्या वहीत त्यांची अक्षरं गिरवता गिरवता
वहीवरच डोकं ठेवून झोपलेली.
मी दारातून बोट उचललं.
दीक्षिता, घरात.
मोठ्यानं म्हणायला हवं होतं, तसा नियम आहे.
ओठ हलले, आवाज आला नाही.

डोळे न उघडताच तिनं माझ्याकडे बोट केलं.
"बाबा, जागे," म्हणाली.

मग मी दिवा घालवला.
चार वाजता उठायचं होतं.