गच्चीवरच्या अस्वलास

तुला रामिझनं टांगलं, घर विकणाऱ्यानं,
पहिला स्लॅब पडला त्या संध्याकाळी,
वर सोडलेल्या गजांपैकी एकाला, तार गळ्यात घालून.
शियाकच्या या बाजूला असंच करतात, दृष्ट लागू नये म्हणून.
कोणी लसूण बांधतं, कोणी बैलाचं शिंग.
रामिझच्या धाकटीचं अस्वल वर गेलं.
आता तुझा एक डोळा नाही
आणि पाऊस झाला की पोटातून कापूस येतो.

एकोणीस वर्षं मी यानिनात लोकांच्या फरशा पुसल्या,
झेनेलनं आर्ताच्या बागांत संत्री तोडली.
पैसे रोख दिले, रामिझच्या ओट्यावर,
मोजून होईतो कॉफी निवली.
तो म्हणाला, कागद काय, आज ना उद्या होतील,
या ओळीत कोणाचे झालेत?
आणि खरंच, कोणाचेच झाले नव्हते.
ते ऐकून आम्हाला धीर आला.
याची आता लाज वाटते.

नोंदणी कचेरीत खिडकीतल्या बाईनं
पडद्यावर नकाशा मोठा केला, आणखी मोठा.
शेत. शेत. बांध.
आणि एक गोल ठिपका, अचूक, आकड्यांसकट.
हे का तुमचं घर?
नाही, म्हटलं, तो जुना लष्करी बंकर,
परसात आहे, त्यात आम्ही कोंबड्या ठेवतो.
बंकर आहे, ती म्हणाली. घर नाही.
अहो बाई, मी त्याच घरातून आले आत्ता,
दुधावर झाकण ठेवून.
तिनं मान हलवली. तिला पटलं असावं.

घरी येताना झेनेल म्हणाला,
दृष्ट लागायला आधी घर दिसावं लागतं.
आपल्याइतकं सुरक्षित कोणी नाही.

मग एका रविवारी हायरेदिन आला,
ऐंशीच्या पुढचा, इस्त्रीच्या पँटमधला.
प्लास्टिकच्या पिशवीत आजोबांचा कागद,
जुन्या तुर्की अक्षरातला, त्यालाही न वाचता येणारा.
कोणाकडून तरी वाचून घेऊन
त्यानं तो पाठ केला होता, नमाजासारखा:
पूर्वेस अक्रोडाचं झाड,
दक्षिणेस ओढा,
पश्चिमेस युसुफ आगाची भिंत,
उत्तरेस वाट.

अक्रोड बंकर बांधताना गेला.
ओढा सामुदायिक शेतीवाल्यांनी वळवला.
भिंत कोणी, कधी, दगड दगड करून नेली, माहीत नाही.
वाट मात्र आहे. तिच्यावरूनच तो आला.

बूट दारात काढून
पावलं मोजत तो माझ्या स्वयंपाकघरातून गेला
आणि सिंकपाशी थांबला.
इथवर आमचं, म्हणाला. हळूच म्हणाला.
म्हणजे शेगडी त्यांची, नळ आमचा.
झेनेल हसला, मग हसायचा थांबला.
कॉफी मीच केली.
कोणाच्या हद्दीत उभी राहून केली, विचारू नकोस.
साखर किती, हे मात्र त्यानं दोनदा सांगितलं.

वकिलानं खरेदीखताचा मसुदा लिहून ठेवलाय,
न जाणो, कधी लागलाच तर.
सदर मिळकत, तदंगभूत वस्तूंसह,
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप...
मी तुला शोधलं त्यात, दोन वेळा.
तू कशात येतंस?
काष्ठ नाहीस. निधी तर नाहीसच.
आम्ही तरी कशात येतो?

काल सुई-दोरा घेऊन वर आले.
गज गंजून लाल झालेत, दुसऱ्या मजल्याची वाट बघून.
पोरगा तिकडून लिहितो, वर काही बांधू नका,
निकाल लागेपर्यंत थांबा.
निकाल!
हायरेदिनचा नातू बेल्जियममध्ये ट्रक चालवतो,
तोही म्हणे आजोबांना हेच लिहितो.

तारेवरून काढलं नाही तुला.
उगाच कोणाला वाटायचं, सोडून चालले.
टांगल्या जागीच पोट शिवलं,
डोळ्याच्या जागी बटण लावलं.
झेनेलच्या चांगल्या कोटाचं आहे.
त्याला सांगू नकोस.