कोरा की दुधाचा

सोहार. सहाला दहा कमी.
खिडकीबाहेर पार्किंगचे दिवे अजून जळताहेत
आणि त्यांच्याभोवती समुद्राकडून आलेला दमट धुरळा.
यादीत पहिलं नाव इलियास सारंग, वय सत्तेचाळीस,
उजव्या बाजूचा हर्निया.
गाव दापोलीच्या खाली कुठंतरी,
फायलीत नुसतं 'भारत'.

मी तपासते. म्हणजे विचारते.
हात लावण्याआधी माणसाला शब्दांनी चाचपायचं असतं.

दात हलतो एखादा?
खालचा एक.
"पडला तर फेकू नका," तो म्हणतो.
मी दाताची जागा लिहून ठेवते,
घशात नळी घालणाऱ्यानं तेवढं भान ठेवावं म्हणून.

न थांबता किती मजले चढता?
छापील अपेक्षा दोनाची.
तो हसतो, आल्यापासून पहिल्यांदाच.
बंदराजवळच्या टाक्यांना परांची बांधतो तो,
दिवसातून अकरा वेळा वर, खांद्यावर पाइप.
मी लिहिते, दोन मजले, धाप नाही.
बाकीच्या मजल्यांना रकाना नाही.

दंडावर ताईत.
काढायला त्याचा हात उठतो, आणि तिथंच राहतो.
मी वरून चिकटपट्टी लावते.

जवळचं माणूस?
कॅम्पच्या मुकादमाचा नंबर सांगतो.
नातं काय?
"पगार तोच वाटतो."

मग उपास.
मध्यरात्रीनंतर काही खाल्लं? नाही.
काही प्यायलात? नाही.
हेच फॉर्मवर अरबीत, हेच इंग्रजीत,
हेच दारातल्या बिन्सीनं हिंदीत विचारलेलं.
सगळीकडे नाही,
आणि सगळीकडे खरं.

स्ट्रेचरचा ब्रेक काढलासुद्धा होता मी.
पण त्याच्या मिशीला वेलचीचा वास होता,
आणि माझ्याही नकळत
मी आईच्या तोंडचं विचारून बसले,
"च्या घेतलाव काय?"

"घेतला ना बाय. पाचाला. निसता च्या."

खोटं बोलला नव्हता तो.
आमच्याकडे चहा खात नाहीत, पीतही नाहीत,
घेतात.
तो अन्नात धरत नाहीत, पाण्यात धरत नाहीत,
तो घेतल्यावर कुठं सकाळ झालीसं म्हणतात.
कुठल्या देशाचा फॉर्म विचारणार आहे,
काही घेतलंत का म्हणून?

"कोरा की दुधाचा?"
माझा चढलेला आवाज मलाच ऐकू येतो.
कोऱ्याला दोन तास. दुधाच्याला सहा.
"हितं कोरा कोण देतो बाय? करक."

करक. आपलाच कडक,
समुद्र ओलांडताना ड बुडालेला.
डब्यातल्या घट्ट दुधाचा, साय धरणारा,
आता त्याच्या पोटात निवांत बसलेला,
आणि भुलेत घसा सैल पडला असता की
उलटा वर येऊन
फुफ्फुसात उतरला असता.

डॉक्टर बुथैना घड्याळ बघतात. रागावत नाहीत.
"अकरा," एवढंच म्हणतात.
यादीतलं दुसरं नाव वर सरकतं,
पित्ताशयाची बाई, भाचीच्या लग्नाची मेंदी
इतकी काळी की बोटावरच्या चिमट्याला
प्राणवायू वाचता येईना.
चिमटा कानाला लावते.

इलियास भिंतीकडच्या खाटेवर.
मुकादमाचा फोन दोनदा वाजून गेला,
दुसऱ्यांदा त्यानं तो उशीखाली सारला.
"खोळंबा केला मी."
मी काहीतरी बोलते, ते मलाच पटत नाही.
तो जिभेनं खालचा दात हलवत राहतो,
मग हळूच,
"अकरापावत पाणी तरी..."

नाही.

तलफ मला आली आहे.
पण कप घेऊन मी
जिन्यापाशी जाऊन उभी राहते,
जिथून त्याची खाट दिसत नाही.